भंगारातून उठलेले विमान आणि दुसरी किल्ली

आपल्या खानदेशातील अनेक कुटुंबांची मुले आज नोकरी-व्यवसायानिमित्त अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. आईवडील वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जाऊन येतात आणि परतल्यावर नायगाऱ्याचे, न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचे वर्णन करतात. तेथील लहान विमानतळांवर भरणारा एक निराळाच मेळा मात्र फार थोड्यांच्या पाहण्यात आला असेल. दुसऱ्या महायुद्धातील विमाने दुरुस्त करून ती गावोगाव उडवीत नेणाऱ्या संस्था त्या देशात आहेत. विमाने एका गावी काही दिवस मुक्काम करतात. लोक तिकीट काढून आत शिरतात, काही जण मोठी देणगी देऊन त्यातून उड्डाणही करतात, आणि या व्यवस्थेचा बराचसा भार विनावेतन काम करणारे स्वयंसेवक वाहतात.

अशाच एका विमानाने आयुष्याची वीस वर्षे भारतात काढली, हे समजले तेव्हा मला त्याविषयी विशेष कुतूहल वाटू लागले. त्याच्या इतिहासाचा एक धागा तर सोलापूरच्या एका जैन उद्योगपतीपर्यंत जाऊन पोहोचतो.

कानपूरचे भंगार

'बी-२४ लिबरेटर' हे चार इंजिनांचे अमेरिकन बॉम्बफेकी विमान. त्याच्या पंखांचा विस्तार ११० फूट. युद्धकाळात अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. आपल्या कथेतील विमान ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथील कारखान्यात तयार झाले, ब्रिटिश हवाई दलाकडे आले आणि आग्नेय आशियाच्या आघाडीवर वापरले गेले. युद्ध संपल्यावर इतर अनेक लिबरेटर विमानांबरोबर त्याला कानपूरच्या तळावर सोडून देण्यात आले. उसनवारीच्या करारानुसार ही विमाने एक तर परत करावयाची किंवा निकामी करावयाची होती. परत नेण्याचा खर्च कोण करणार? म्हणून ती जाणूनबुजून मोडण्यात आली.

स्वतंत्र भारताला १९४८ मध्ये लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानांची निकड भासली. परंतु नवी विमाने घेण्याइतका पैसा तिजोरीत नव्हता. अशा वेळी लक्ष गेले ते कानपूरच्या त्या मोडक्या विमानांकडे, आणि काम सोपविण्यात आले ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे.

ही कंपनी कोणी काढली, हे आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये तिची स्थापना केली. युद्धाच्या निकडीमुळे १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. पुढे युद्धकाळात दोस्त राष्ट्रांची विमाने दुरुस्त करण्याचा मोठा अनुभव तेथील कामगारांना मिळाला. आजची 'एचएएल' ती हीच.

या कंपनीचे तंत्रज्ञ कानपूरला गेले. एका विमानाचे सुटे भाग दुसऱ्याला बसवून त्यांनी एकेक विमान निदान एका उड्डाणापुरते तयार केले. कंपनीचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी त्या अवस्थेत ही विमाने बंगळूरपर्यंत नेली. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशी ४० हून अधिक विमाने पुन्हा सेवेत आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची ५ क्रमांकाची तुकडी या विमानांवर उभी राहिली. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरून ६ क्रमांकाच्या तुकडीने समुद्रावरील टेहळणीसाठी ती वापरली. जगात बाकी सर्वत्र लिबरेटर निवृत्त होत असताना भारतात ती १९६८ च्या अखेरीपर्यंत उडत होती. त्यामुळेच आज जगात शिल्लक असलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी कित्येक मूळची भारतीय हवाई दलाची आहेत. लंडनच्या हवाई दल संग्रहालयातील विमान भारतातून गेले. दिल्लीच्या पालम येथील संग्रहालयात एक आजही उभे आहे.

पुनर्जन्म आणि यात्रा

भारतीय हवाई दलात 'एचई ७७१' असा क्रमांक असलेले आपले विमान निवृत्तीनंतर तेरा वर्षे तसेच पडून राहिले. १९८१ मध्ये एका इंग्रज संग्राहकाने ते सुटे करून इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने ते विकत घेतले. पाच वर्षे काम चालले आणि सप्टेंबर १९८९ मध्ये त्याने पुन्हा आकाश पाहिले. त्यानंतर 'विंग्ज ऑफ फ्रीडम' या नावाच्या यात्रेत ते दरवर्षी अमेरिकाभर हिंडू लागले.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियात होतो. जवळच्या मॉफेट फील्ड या जुन्या लष्करी विमानतळावर ही यात्रा आली होती आणि चिरंजीव तेथे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवून आले होते. सकाळी सात वाजता मीही त्यांच्यासोबत गेलो.

स्वयंसेवकांची कामे पाहून मला आपल्या यात्रांतील भोजनशाळेची आठवण झाली. कोणी तिकिटांच्या टेबलावर, कोणी रांग सांभाळण्यास, कोणी वृद्धांना शिडीवर हात देण्यास. या जुन्या इंजिनांतून तेल सतत ठिबकते. खाली ठेवलेली पसरट भांडी रिकामी करणे आणि पत्र्यावरचे ओघळ पुसणे हे तर अखंड चालते. एक काम मात्र मला नवे होते. इंजिनात चौदा सिलिंडर वर्तुळाकार बसविलेले असतात. रात्रभर विमान उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. तेल काही दाबले जात नाही. तशा स्थितीत इंजिन सुरू केले, तर आतील दांडा वाकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी तिघे-चौघे जण मिळून पंख्याचे प्रत्येक पाते हाताने सावकाश फिरवितात. हात अडला, तर तेथेच थांबावयाचे, जोर करावयाचा नाही. त्या मोठ्या यंत्राचे आरोग्य प्रथम माणसाच्या तळहाताला कळते.

माझ्या साठीची भेट म्हणून मुलांनी उड्डाणाची एक जागा माझ्यासाठी घेतली होती. अर्ध्या तासासाठी ४५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २९ हजार रुपये! बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटणारच. परंतु हे विमान तासाला सातशे लिटरच्या आसपास इंधन पिते, हे कळल्यावर तो आकडा मला अवाजवी वाटला नाही.

विमान जमिनीवरून उठेपर्यंत पट्टा बांधून बसावयाचे, नंतर आत फिरण्याची मुभा. मागील बाजूच्या खिडक्यांना काच नाही. वारा अंगावर घेत आणि चार इंजिनांच्या गडगडाटात खालचा उपसागर पाहावयाचा. पुढे जाण्याची वाट बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्यातून, जेमतेम वीतभर रुंदीच्या पट्टीवरून. त्या कप्प्याची दारे आपल्या दुकानाच्या शटरसारखी गुंडाळली जाणारी आणि इतकी तकलादू, की त्यांच्यावर पाय पडला तर माणूस थेट खाली जाईल. वीस-बावीस वर्षांची मुले या पट्टीवरून रात्रीच्या अंधारात ये-जा करीत असत, आणि त्यांपैकी कित्येक परतली नाहीत. अहिंसेचे संस्कार असलेल्या घरातील माणसाने युद्धयंत्रात बसावे काय, हा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला. एवढेच सांगतो, की त्या अरुंद पट्टीवर उभे राहिल्यावर युद्धाविषयी आकर्षण उरत नाही.

२ ऑक्टोबर २०१९

या यात्रेत लिबरेटरच्या जोडीला 'बी-१७' जातीचे 'नाइन-ओ-नाइन' नावाचे दुसरे विमान असे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकट राज्यातील ब्रॅडली विमानतळावरून ते १३ जणांना घेऊन उडाले. थोड्याच वेळात एका इंजिनात बिघाड झाला. परत उतरताना ते धावपट्टीपूर्वीच्या दिव्यांना धडकले आणि पुढे आग लागून वैमानिक, सहवैमानिक व पाच प्रवासी असे सात जण मरण पावले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून अहवाल दिला. इंजिन बंद केल्यानंतर वैमानिकाने विमानाची स्थिती व वेग योग्य प्रकारे सांभाळला नाही, हे प्रमुख कारण ठरले. त्यामागे इंजिनांची अपुरी देखभाल होती. संस्थेची सुरक्षा-व्यवस्था परिणामकारक नव्हती आणि सरकारी देखरेखही तोकडी पडली. तत्पूर्वी मार्च २०२० मध्येच संस्थेला प्रवासी उड्डाणांसाठी दिलेली परवानगी काढून घेण्यात आली होती. ही बातमी आली तेव्हा मॉफेट फील्डवर आमच्या विमानाशेजारी उभे असलेले ते विमान माझ्या डोळ्यांपुढे आले. सर्वांचे हेतू चांगले होते, श्रम निःस्वार्थ होते, देणगीचा पैसाही सत्कार्यासाठीच होता.

अहवालातील एका गोष्टीपाशी माझ्यातला बँक अधिकारी अडून राहिला. विमान चालविणारे वैमानिक हेच संस्थेच्या देखभाल विभागाचेही प्रमुख होते. म्हणजे यंत्र उडण्यास योग्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, तेच ते उडवीतही होते. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांच्या ताब्यात असतात. नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. पहिल्या माणसावर अविश्वास म्हणून ही रीत पडलेली नाही. रोजच्या सवयीने प्रामाणिक माणसाचीही नजर बोथट होते, आणि दोष नेमका तेथेच दडून बसतो.

आपल्या संस्थांसाठी

जळगाव-धुळ्यात आपल्या समाजाची वसतिगृहे, पाठशाळा, दवाखाने, गोशाळा, धर्मशाळा आहेत. अनेक वाचक त्यांचे विश्वस्त आहेत आणि कित्येक वर्षे विनामोबदला सेवा करीत आहेत. देणगीचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो, वर्षाअखेरीस लेखापरीक्षणही होते. परंतु वसतिगृहाच्या गिझरची, धर्मशाळेच्या लिफ्टची, स्वयंपाकघरातील गॅसच्या नळीची, मुलांना नेणाऱ्या बसच्या ब्रेकची तपासणी कोण करतो? बहुतेक ठिकाणी, जो ते वापरतो तोच! प्रत्येक संस्थेने देखभालीची वेगळी वही ठेवावी आणि तिच्यावर सही करणारी व्यक्ती रोज ते यंत्र हाताळणारी नसावी, अशी माझी नम्र सूचना आहे. दात्याने दिलेला रुपया जसा आपल्याकडे ठेव म्हणून असतो, तसाच तेथे येणाऱ्या माणसाचा जीवही ठेवच असतो.

आणखी एक विनंती तरुणांसाठी. धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर आज वैमानिक प्रशिक्षण चालते. जळगावचा विमानतळ २०१२ पासून आपल्या दाराशी आहे. मुलांना वैमानिक व्हावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. पण विमान उडण्यापूर्वी ते सुस्थितीत असल्याची सही करणारा परवानाधारक देखभाल अभियंता हाही तितकाच मानाचा पेशा आहे, हे त्यांना अवश्य सांगावे. दिल्लीला जाणे झाले, तर पालमच्या संग्रहालयातील लिबरेटर मुलांना दाखवावे. मोडून टाकलेले यंत्र पुन्हा उभे करणाऱ्या त्या तंत्रज्ञांची नावे बहुधा कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या हातांनी दुरुस्त झालेली विमाने मात्र पुढे वीस वर्षे देशाच्या सेवेत राहिली.