उलटी चोच आणि हिमालयावरची वाट

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण येतं. 1980 मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याखाली गावंच्या गावं गेली, आणि पसरलेल्या उथळ पाण्याच्या कडेला नवाच चिखल साचला. त्या चिखलात किडे, अळ्या, शेवाळ वाढलं. हिवाळा आला की हे खायला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, थव्याने उतरतात. शनिवार-रविवार मोकळा असेल तर कॅमेरा घ्या आणि पहाटेच कुंभारगावच्या मच्छीमारांच्या होडीत बसा.

होडी लांबच थांबवायला सांगा. उडत्या थव्याच्या फोटोसाठी पक्ष्यांना हुसकावणारे लोक पाहिले की माझा जीव तुटतो. खरी करामत तर चरणाऱ्या रोहितात आहे! एकाच पक्ष्याच्या डोक्यावर फोकस करा आणि फोटो मोठा करून बघा. डोकं चक्क उलटं आहे. टाळू खाली, हनुवटी आभाळाकडे. जगातले बहुतेक पक्षी अन्नावर चोच मारतात; हा मात्र डोकं उलटं करून पाणी गाळतो.

चोच मधोमध वाकडी का, याचं उत्तरही इथेच आहे. अडकित्ता उघडून पाहा. टोकाशी फट मोठी, खिळीपाशी जवळपास नाहीच. सरळ चोच उघडली तर तसंच होईल, आणि अशा फटीतून गाळणार काय? चोच मधेच वाकलेली असली की किंचित उघडल्यावर फट बऱ्याच लांबीपर्यंत सारखीच अरुंद राहते. आत मांसल जीभ सेकंदाला कितीतरी वेळा मागे-पुढे होत पाणी ओढते, ढकलते. चोचीच्या कडांवरच्या बारीक दातेरी पट्ट्यांत अन्न अडकतं आणि पाणी निघून जातं.

पण अन्न चोचीपर्यंत येतं कसं? चिलीच्या रोहितांवरचा एक अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षी डोकं झटक्याने वर ओढतो तेव्हा पाण्यात छोटा भोवरा उठतो आणि तळाचा गाळ वर येतो. पायांचे पडदे आपटूनही भोवरे तयार होतात, चोच वेगाने उघडझाप करत तेही आपल्याकडे ओढून घेते. चटकन पळू शकणारे चिमुकले जीवसुद्धा त्यात सापडतात. म्हणजे हा पक्षी अन्न नुसतं शोधत नाही, आपल्याकडे वाहायला लावतो!

अन्नातूनच त्याला रंग मिळतो. पिल्लं करडी असतात. शेवाळातली आणि ते खाणाऱ्या जीवांमधली कॅरोटिनॉइड द्रव्यं पोटात जाऊन पिसांत उतरतात, तेव्हा गुलाबी छटा येते. थवा आपणहून उडाला तर पंखांची मागची कड पाहा. ती काळी कुळकुळीत असते. हे काळं द्रव्य मेलॅनिन. ते पीस कणखर करतं, आणि उडताना सर्वाधिक झीज या पिसांचीच होते.

रविवारी लेन्स काठाच्या गवताकडे वळवा. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला राखी हंस दिसला तर नीट न्याहाळा. हा पट्टकादंब. मध्य आशियातून तो हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून उंच उडताना त्याची नोंद झाली आहे. तिथल्या विरळ हवेत आपल्याला उभं राहणंही जड जाईल. तो पंख मारत असतो! त्याचं हिमोग्लोबिन इतर हंसांच्याच जातकुळीचं, पण रचनेत थोडासा बदल आहे, म्हणून ते प्राणवायू अधिक घट्ट धरतं. भरीला रुंद पंख, मोठी फुप्फुसं आणि स्नायूंत केशवाहिन्यांचं दाट जाळं.

शिखरांच्या वरून तो सरळ रेषेत जात असेल असं वाटतं ना? शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या शरीरात नोंद घेणारी उपकरणं बसवली, तेव्हा भलतंच दिसलं. तो डोंगराच्या चढउताराबरोबर वर जातो आणि दरी आली की मिळवलेली उंची सोडून पुन्हा खाली येतो. विरळ हवेत पंख अधिक वेगाने मारावे लागतात, आणि ते प्रमाण जरासं वाढलं तरी खर्च होणारी ताकद भराभर वाढते. त्यामुळे उंचावर टिकून राहण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणंच त्याला स्वस्त पडतं.