कमी उंचीच्या स्त्रियांसाठी आरोग्यदायी वजनाचे उद्दिष्ट : गिरगाव ते लालबाग परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

स्त्रीच्या वजनाविषयीचे मत बहुधा नजरेने ठरते. एकेचाळीस किलो वजनाच्या तरुणीला "अंगावर मांसच नाही" असे ऐकावे लागते, तर पंचावन्न किलोची गृहिणी सर्वांना "अंगाने बेताची" वाटते. दोघींची उंची १४८ सेंटीमीटर असेल, तर गणित नेमके उलट सांगते. पहिलीचे वजन निरोगी मर्यादेत आहे आणि दुसरी, भारतीय निकषांनुसार, स्थूलतेच्या उंबरठ्यावर आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या दाट वस्तीच्या मराठी भागांत दोन्ही प्रकारच्या स्त्रिया आढळतात. एकीला विनाकारण खायला घातले जाते, तर दुसरीच्या मधुमेहाची चाहूल उशिरा लागते. कमी उंचीच्या स्त्रीने वजनाचे उद्दिष्ट कोणत्या निकषांवर ठरवावे व ते कोणत्या गतीने गाठावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निकषांची पार्श्वभूमी

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे प्रचलित भाषेत बीएमआय, मिळतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या या गुणोत्तरास अँसेल कीज व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये आजचे नाव दिले. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १८.५ ते २४.९ हा निर्देशांक सामान्य मानला जातो. तथापि आशियाई लोकांत त्याहून कमी निर्देशांकावरही मधुमेह व हृदयविकार आढळतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ व २७.५ हे अधिकचे कृतिबिंदू सुचविले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमती-निवेदनाने सामान्य मर्यादा १८.५ ते २२.९ अशी ठेवली आणि २५ पासून स्थूलता मानली.

या फरकाचे कारण समजण्यास पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य महत्त्वाचे आहे. हे रुग्णालय परळच्या के.ई.एम.हून वेगळे होय. डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा निर्देशांक २२.३ असा समान होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. दिसण्यात सडपातळ असणे म्हणजे चरबी कमी असणे नव्हे, हा त्याचा बोध.

पंचावन्न किलोचा भ्रम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये निश्चित केलेली 'संदर्भ स्त्री' ५५ किलो वजनाची व १६२ सेंटीमीटर उंचीची आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र सुमारे १५२ सेंटीमीटर आहे. 'बाईचे वजन पन्नास-पंचावन्न असावे' ही समजूत उंचीचा विचार न करता सर्वांना लावली की भ्रम निर्माण होतो. भारतीय निकषांनुसार काढलेले पुढील आकडे पाहावेत.

| उंची (सें.मी.) | निरोगी वजन (किलो) | स्थूलतेचा आरंभ (किलो) |
|---|---|---|
| १४५ | ३८.९ ते ४८.१ | ५२.६ |
| १५० | ४१.६ ते ५१.५ | ५६.३ |
| १५५ | ४४.४ ते ५५.० | ६०.१ |
| १६२ | ४८.६ ते ६०.१ | ६५.६ |

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, १४५ सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीचा निरोगी पट्टा जेमतेम नऊ किलोंचा आहे, तर १६२ सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीचा साडेअकरा किलोंचा. म्हणजे ठेंगण्या स्त्रीच्या बाबतीत दोन-तीन किलोंची वाढही दुर्लक्षिण्याजोगी नसते. दुसरी, ४० किलो वजन हे प्रत्येक वेळी अशक्तपणाचे लक्षण नव्हे. थकवा असल्यास वजनकाट्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

कंबरेचे माप

निर्देशांक स्नायू व चरबी यांत भेद करीत नाही, म्हणून कंबरेचे माप घेणे आवश्यक ठरते. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा सांगितली जाते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा दुसरा निकष ठेंगण्या स्त्रीस अधिक लागू पडतो. १४८ सेंटीमीटर उंचीस ही मर्यादा ७४ सेंटीमीटर येते. शिंप्याकडील साध्या टेपने, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर माप घ्यावे.

ताटाचे गणित

गिरणगावात कामगारांच्या पोटाची सोय खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांनी केली. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले. त्या खानावळींतील ताट कष्टाच्या पाळीला पुरेल असे असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे जग ओसरत गेले आणि त्या जागी कार्यालये व उंच इमारती आल्या. घरोघरी वाढण्याचे माप मात्र अजूनही सर्वांना एकच असते. शिवाय घरातील स्त्री शेवटी जेवते व उरलेले वाया जाऊ नये म्हणून पानात घेते.

परळच्या चाळीत राहणारी ४० वर्षांची, १४८ सेंटीमीटर उंचीची व ५८ किलो वजनाची बैठे काम करणारी स्त्री कल्पावी. तिचा निर्देशांक २६.५ येतो. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानुसार विश्रांत अवस्थेत तिला सुमारे ११४५ किलोकॅलरी लागतात आणि दिवसभराची गरज अंदाजे १३७५ पर्यंत जाते. वजन घटविण्यासाठी सर्रास सांगितली जाणारी ५०० किलोकॅलरींची कपात तिने केल्यास जेमतेम ८७५ उरतात. एवढ्या आहारात लोह, कॅल्शियम व प्रथिने भागणे कठीण असते; त्यातून स्नायू झिजतात आणि सोडलेले वजन पुन्हा चढते. उंच स्त्रीसाठी योग्य असलेली कपात हिला मात्र उपासमारीसारखी ठरते.

तिचे पहिले उद्दिष्ट ५० किलो नसून ५५ किलो असावे. पाच टक्के, म्हणजे सुमारे तीन किलो, घट झाली तरी रक्तातील साखर व रक्तदाब यांत सुधारणा दिसू लागते. रोजची २५० किलोकॅलरींची तूट आहार व हालचाल यांत वाटून घेतल्यास आठवड्यास पाव किलोच्या आसपास घट होते आणि हे उद्दिष्ट साधारण तीन महिन्यांत गाठता येते. एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम, तेल कमी केल्याने १३५ किलोकॅलरी वाचतात. उरलेली तूट शिवाजी पार्कभोवती किंवा गिरगाव चौपाटीवर भरभर चालून आणि जिना चढून साधता येते. भात निम्मा करून वरण, उसळ, मासळी, अंडी व भाजी वाढवावी. संदर्भ प्रमाणानुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे या स्त्रीस सुमारे ४८ ग्रॅम प्रथिने रोज हवीत. स्नायू टिकविण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचे वा बैठका-जोरांचे व्यायाम करावेत.

अपवाद व सावधगिरी

गर्भवती व स्तनदा मातांना तसेच अठरा वर्षांखालील मुलींना वरील कोष्टक लागू नाही. १४५ सेंटीमीटरहून कमी उंचीच्या गर्भवतीने प्रसूतीची जोखीम तज्ज्ञांकडून आधीच तपासून घ्यावी. वयपरत्वे पाठीचा कणा झिजून उंची घटते, म्हणून वृद्ध स्त्रियांची उंची नव्याने मोजणे आवश्यक आहे. प्रयत्नाविना वजन उतरू लागल्यास आनंद न मानता क्षयरोग, मधुमेह व थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी.

समारोप

उंची ही आनुवंशिकता व बालपणीच्या पोषणाची देणगी असते. प्रौढपणी ती बदलता येत नाही. वजनाचे उद्दिष्ट मात्र तिच्या मापाने ठरविता येते. स्वतःच्या उंचीनुसार आलेला पट्टा, उंचीच्या निम्म्याहून कमी कंबर आणि पाच टक्क्यांचा पहिला टप्पा, हे तीन आकडे प्रत्येक स्त्रीने स्वतःपुरते लिहून ठेवावेत. शेजारणीचे वजन, लग्नातील छायाचित्र किंवा नातलगांची नजर हे त्याचे निकष होऊ शकत नाहीत. महाविद्यालयांतील विद्यार्थिनींची उंची, वजन व कंबर वर्षातून एकदा मोजून त्यांना त्यांचा पट्टा समजावून सांगितला, तर आज नकळत होणाऱ्या दोन्ही चुका, निरोगी मुलीस अशक्त ठरविणे व जोखमीतील स्त्रीस निरोगी समजणे, बऱ्याच अंशी टळतील.