साप पाळणं म्हणजे काय?

झरीसारख्या गावात साप गोठ्यात, बांधावर भेटतोच. आता मोबाईलवर पाहून तरुण विचारतात, "सर, साप पाळला तर?"

पहिलं उत्तर कायद्याचं. नाग, धामण, अजगर यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते घरात ठेवणं गुन्हा. शहरातले हौशी पाळतात तो बॉल पायथन आफ्रिकेतला. त्याचीही सरकारकडे नोंदणी लागते.

दुसरं उत्तर शरीराचं. साप आपली ऊब बाहेरून घेतो. तापायला ऊन, निवायला सावली, अशी त्याची ये-जा चालते. म्हणून पेटीची एक बाजू उबदार, दुसरी थंड, दोन्हीकडे लपायला जागा, पाणी आणि घट्ट झाकण हवं. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो गिळलेलं ओकतो. उचलताना वरून झडप नको. वरून येतो तो शत्रू, असं त्याला वाटतं. अंगाखालून आधार द्यायचा.

बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी नाग धरून मडक्यात ठेवत, नंतर सोडून देत. भाव खोटा नव्हता. पण मडक्यात ऊन-सावली निवडता येत नाही. ती प्रथा उच्च न्यायालयानं थांबवली.

कुत्रा माया लावतो. साप फार तर आपल्याला सहन करतो. मग पाळायचं कुणासाठी? त्याच्यासाठी, की आपल्या फोटोसाठी? याचं उत्तर देता येत नसेल, तर पेटी आणू नका. घरात साप निघाला तर काठी उचलू नका, हातही घालू नका. लांब थांबा, वनविभागाला १९२६वर कळवा. त्याला त्याच्या जागी राहू देणं, हेही सांभाळणंच आहे.