मिनिटाला पन्नास यात्रेकरू आणि एक वाटी उडोन

जपानच्या मिए प्रांतात इसे हे गाव आहे. तिथल्या देवस्थानात लहानमोठी मिळून 125 मंदिरं आहेत. त्यांतल्या ‘गेकू’ या बाहेरच्या मंदिरात तोयोउके ही अन्नाची देवता राहते. इथे देवांना रोज दोन वेळा जेवण वाढलं जातं. उन्हाळ्याच्या सहामाहीत सकाळी आठ आणि दुपारी चार, तर हिवाळ्याच्या सहामाहीत नऊ आणि तीन या त्याच्या वेळा. लाकडावर लाकूड घासून विस्तव पेटवायचा आणि पवित्र विहिरीचं पाणी आणायचं, असा नेम आहे. ताटात वाफवलेला भात, मीठ, मासे, समुद्री शेवाळ, भाज्या आणि फळं असतात, शिवाय तीन पेले साके. मीठसुद्धा विकतचं नाही. ते फुतामीच्या किनाऱ्यावर तयार करतात आणि मातीच्या त्रिकोणी साच्यांत भाजून घट्ट करतात.

वर्षाला 730 जेवणं. परंपरा सांगते की हे पंधराशे वर्षं चाललं आहे. तो हिशेब धरला तर नैवेद्यांची संख्या 10,95,000 होते. हा आकडा मला कुठल्याही उंच इमारतीपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यातलं प्रत्येक जेवण कुणीतरी पहाटेपासून राबून हातांनी रांधलेलं आहे.

देवांची सोय अशी. माणसांचा हिशेब तर आणखी चक्रावणारा आहे. एदो काळात इसेच्या यात्रेची अधूनमधून अशी लाट यायची की गावंच्या गावं रिकामी व्हायची. मुलं आईबापांना न सांगता निघायची, नोकर मालकाला न विचारता. वाटेवरचे लोक त्यांना फुकट जेवू घालायचे. 1705 सालच्या लाटेचा आकडा मोतोओरी नोरिनागा या विद्वानाने नोंदवून ठेवला आहे: 50 दिवसांत 36,20,000 माणसं. म्हणजे दिवसाला बहात्तर हजारांवर. रात्रीसुद्धा रीघ थांबली नाही असं धरलं तरी मिनिटाला पन्नास माणसं! 1830 साली तर काही महिन्यांत चाळीस लाखांहून जास्त लोक आले. तेव्हा अख्ख्या जपानची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास होती.

इसेचं खाणं समजून घ्यायचं तर ही गर्दी डोळ्यांसमोर ठेवावी लागते. इसे-उडोनच घ्या. एरवी उडोनमध्ये लोक चिवटपणा शोधतात. इथल्या गव्हाच्या शेवया बोटाएवढ्या जाड असतात आणि जवळजवळ तासभर उकळून अगदी लुसलुशीत केलेल्या असतात. वाटीत रस्सा नसतोच. तळाशी तामारी सोयाचा काळाभोर, दाट सॉस असतो आणि वर चिरलेली कांद्याची पात, बस्स. बाहेरगावचे लोक याला गिळगिळीत म्हणून नाकं मुरडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. शेकडो मैल चालून आलेल्या, पोट नाजूक झालेल्या माणसाला हेच पचतं. शिवाय शेवया सतत उकळत असल्याने वाटी क्षणात हातात पडते. सॉसचा रंग पाहून घाबरू नका, तो दिसतो तितका खारट नसतो.

आकाफुकु हे दुकान 1707 सालचं, म्हणजे त्या महालाटेनंतर दोनच वर्षांनी सुरू झालेलं. त्यांचा एकच प्रसिद्ध पदार्थ: चिकट तांदळाचा मऊ मोची आणि त्यावर आझुकी या तांबड्या कडधान्याचं गोड पुरण. पुरणावर बोटांनी उमटवलेल्या तीन रेघा म्हणजे देवस्थानाजवळून वाहणाऱ्या इसुझू नदीचा प्रवाह, आणि खालचा पांढरा मोची म्हणजे तिच्या तळाचे गोटे. मुख्य दुकान पहाटे पाचला उघडतं. जानेवारी सोडून दर महिन्याच्या एक तारखेला वेगळा मोची मिळतो, त्यासाठी लोक अंधारातच रांग लावतात.

तेकोनेझुशी हे शिमा द्वीपकल्पातल्या कोळ्यांचं जेवण. कात्सुओ माशाच्या सोयात मुरवलेल्या फोडी आंबट भातात हातानेच कालवायच्या. होडीवर काम करता करता खायचं अन्न ते, त्यात नखरा कसला? इसे-एबी हा मोठा काटेरी शेवंड मात्र खिसा हलका करतो. मिएमध्ये त्याची मासेमारी ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत चालते, तेव्हा तो ताजा खावा.

शाकाहारी वाचकांनी एक लक्षात ठेवावं: उडोनच्या सॉसमध्ये सुक्या माशांचा अर्क असतो. मोचीला तो अडसर नाही.

इसेची मुख्य मंदिरं दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. ही प्रथा 690 साली सुरू झाली. बासष्टावी खेप 2013 सालची, आणि त्या एका वर्षात 1,42,00,000 च्या आसपास लोक आले. पुढची खेप 2033 मध्ये आहे. निवांत बसून जेवायचं असेल तर तिच्या आधी जा, आणि गेकूपासून सुरुवात करा.