खुर्चीचे वय सांगणारी भोके

आजोबांच्या वेळची खुर्ची किती जुनी, हे घरातली वडील माणसे सांगू शकतात. अमेरिकेत जुने लाकडी सामान हौसेने जमवणाऱ्यांना मात्र लाकडालाच विचारावे लागते. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथल्या वसाहतींत घडवलेल्या खुर्च्या-टेबलांना मोठी किंमत येते, आणि किंमत आली की नक्कल आलीच!

लाकूड वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत जेवढे आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट वार्षिक वलयांच्या कडेने आकसते. त्यामुळे चरकावर कातलेला गोल खांब पुढे किंचित लंबगोल होतो. कॅलिपरने दोन दिशांना व्यास मोजा, फरक कळेल. पण ओले लाकूड कातले, तर हा बदल थोड्या काळातही होतो. लबाड सुताराला हे ठाऊक असतेच!

मग खूण शोधायची कुठे? हत्यारांच्या वळांत.

ऱ्होड आयलंडचे शिल्पकार आर्मंड लामाँटेन यांनी १९६९ साली तज्ज्ञांना चकवण्यासाठीच एक खुर्ची बनवली. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या विल्यम ब्रूस्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कातीव दांड्यांच्या खुर्चीची ती नक्कल होती. तिला त्यांनी मुद्दाम जीर्ण रूप दिले. डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाने १९७० मध्ये ती ९,००० डॉलरना अस्सल म्हणून विकत घेतली! १९७७ मध्ये बिंग फुटले, तेव्हा खुर्चीची क्ष-किरण तपासणी झाली.

आता गंमत पाहा. दांडा भोकात ठोकला, तरी तळाशी थोडी पोकळी उरते. पोकळीतून क्ष-किरण लाकडापेक्षा सहज पार होतात, म्हणून फिल्मवर तळाचा आकार उमटतो. सतराव्या शतकातल्या गिरमिटाचे पाते चमच्यासारखे असे. त्याच्या भोकाचा तळ वाटोळा. या खुर्चीतली भोके मात्र आधुनिक, टोकदार पात्याची निघाली. सांधा मोडल्याशिवाय डोळ्यांना ती दिसणेच शक्य नव्हते.

संग्रहालयाने खुर्ची टाकून दिली नाही. नक्कल कशी ओळखावी, हे शिकवायला ती ठेवून घेतली.