सात छोटे, एक लांब

पहाटे ५.३०

मुलांच्या आधी उठायचं हा माझा रोजचा नियम, आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशीही तो सुटला नाही. खाली छबिलदास गल्लीच्या तोंडाशी फुलांच्या पाट्या घेऊन माणसं फुलबाजाराकडे निघाली होती. पलंगावर रात्रीच सगळं मांडून ठेवलं होतं : सगळ्यांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले, डॉक्टरांनी लिहून दिलेलं उलटीचं औषध, थर्मामीटर, धाकट्याचे डायपर, एक जुनी दुलई. ही दुलई नसेल तर धाकटा झोपत नाही. तो तीन वर्षांचा आहे, मोठी सहाची.

आमच्या घरापासून दादर चौपाटी चालत पंधरा मिनिटांवर. मुलांनी समुद्र पाहिलेला तो तिथून, समोर सी-लिंक आणि पायाखाली ओली वाळू. पाण्यावर रात्र काढलेलं घरात एकच माणूस, माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत आणि या जहाजाच्या सहलीला सगळ्यात आधी ‘येते’ म्हणाल्या त्याच.

सकाळी ८.००

मुलांना उठवलं, न्हाऊ घातलं, मऊ भात खायला घातला. बालरोगतज्ज्ञांकडे आठवड्यापूर्वीच जाऊन आले होते. दोन ते बारा या वयात प्रवासाची मळमळ सगळ्यात जास्त होते, दोनच्या आतल्या बाळांना फारशी होत नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे आमची दोन्ही मुलं नेमकी त्या वयातली. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि गच्चही भरायचं नाही. औषध त्रास सुरू होण्याआधी द्यायचं, तेही वजनाप्रमाणे. मी डोस कागदावर लिहून औषधाच्या बाटलीला चिकटवून टाकला, कारण रात्री घाबरल्यावर आकडे आठवत नाहीत.

आईंनी आपल्या पिशवीत आवळासुपारी आणि आलेपाक टाकला. “बोट लागली तर हेच,” म्हणाल्या. गाडी लागते, तशी बोट लागते. हा शब्द आमच्या घरात कितीतरी वर्षांनी ऐकू आला.

सकाळी ११.००

काळी-पिवळी टॅक्सी. दोन मोठ्या बॅगा टपावर, लहान बॅग माझ्या मांडीवर. तिच्यात मुलांचे कपडे, औषधं आणि कागदपत्रं, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा केल्या की केबिनपर्यंत यायला काही तास लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मूल लहान असेल तर ते चार तास त्या एका बॅगेवर काढायचे असतात.

परळ, लालबाग मागे पडलं. भायखळ्याला आल्यावर आईंनी डावीकडे हात केला आणि म्हणाल्या, “तिकडे भाऊचा धक्का.” मग जेजेच्या पुलावरून जाईपर्यंत त्या नातवंडांशी बोलत राहिल्या. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी बांधलेल्या त्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. ही बंदरं त्यांनी एका दमात म्हटली, लहानपणी पाठ केलेले पाढे म्हणावेत तशी. त्यांचं माहेर अलिबागेकडचं, रेवसच्या खाडीजवळचं, सासर देवगडचं. लग्नानंतर त्यांनी किती वेळा ‘कोकणसेवक’ बोटीने प्रवास केला, याची त्यांना मोजदाद नाही. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या अंगाला येऊन भिडत. बायका पदर खोचून उतरत आणि तान्ही मुलं हातावरून हातावर खाली दिली जात. माझा नवरा आठ महिन्यांचा असताना असाच देवगडला उतरला.

“माझ्या हातून तुझ्या बाबांना एका अनोळखी खलाशाने घेतलं,” आई मोठीला म्हणाल्या. “तोवर मला त्याचं तोंडही दिसलं नव्हतं.”

१९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या बोटींचे दिवस संपत आले होते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि गावाला जायची वाट कायमची बदलली. चाकरमान्यांचा समुद्र सुटला. तो आता सुट्टीच्या रूपाने परत येतो आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ बोट मुंबई-गोवा मार्गावर आली, सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागलं, आणि २० सप्टेंबर २०२५ ला मुंबई बंदरातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. सतरंजी अंथरून डेकवर झोपणाऱ्यांची ती बोट आणि अकरा डेकचं, १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेरला ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलेलं आमचं हे जहाज, यांत काही साम्य नाही. समुद्र मात्र तोच आहे, आणि मला या दिवसाबद्दल जे सांगायचं आहे ते त्याच्याशीच जोडलेलं आहे.

दुपारी १.००

टर्मिनलवर रांगा, सामानाची तपासणी, कागद, फोटो. मुलांना भूक लागली, मी केळी काढली.

दुपारी २.३०

केबिनला खिडकी नव्हती. आतली केबिन स्वस्त पडते आणि आमचं बजेट तेवढंच होतं. पण दिवा बंद केला की तिथे मिट्ट काळोख होतो, घरातल्या रात्रीसारखा नाही. धाकटा दचकला. शेवटी बाथरूमचा दिवा लावून दार फटीपुरतं उघडं ठेवायचं ठरवलं. केबिन मागताना एकच आग्रह धरला होता, जहाजाच्या मधोमध आणि शक्य तितकी खाली. तिथे हेलकावा सर्वांत कमी लागतो.

मग मुलांना घेऊन एक फेरी मारली. डेकवर जाणारी दारं जड असतात, वाऱ्याने एकदम आपटतात. बोट सापडलं तर मोडेल. काही दारांना घरासारखा उंबरठा असतो, तिथे पाय उचलायचा. कठड्याजवळची खुर्ची ओढायची नाही, तिच्यावर चढायचं तर नाहीच. डायपरमधल्या मुलांना पोहण्याच्या तलावात उतरता येत नाही, हे धाकट्याला समजावताना बराच वेळ गेला. एका कागदावर केबिनचा नंबर आणि आमची नावं लिहून तो मोठीच्या खिशात घातला. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइल उपयोगाचा राहत नाही.

दुपारी ३.४५

धाकटा झोपला. गेल्या दहा तासांत मला पहिल्यांदा बसायला मिळालं होतं. तेवढ्यात सूचना झाली की थोड्या वेळाने सर्व प्रवाशांनी सुरक्षा ड्रिलसाठी आपापल्या ठरलेल्या जागी यावं.

मी नवऱ्याला म्हटलं, “तू मोठीला घेऊन जा, मी याच्यापाशी थांबते. झोपमोड झाली तर रात्रभर रडेल.”

आई उठून उभ्या राहिल्या. माझ्याशी त्या कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत, तेव्हाही बोलल्या नाहीत. “याला उचल,” एवढंच म्हणाल्या.

मी उचललं.

दुपारी ४.१५

सात छोटे भोंगे आणि एक लांब. जगभर जहाजांवर धोक्याची हीच खूण आहे. इतक्या मोठ्या आवाजाने धाकटा दचकून उठला आणि रडायला लागला. मोठी बोटांवर मोजत होती. एका खलाशाने दोन लहान लाइफ जॅकेटं आणली. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या अंगातून वर निसटतं, म्हणून १५ किलोंच्या आतल्या बाळांचं वेगळं, १५ ते ४३ किलोंच्या मुलांचं वेगळं. मी त्याला धाकट्याचं वजन सांगितलं, तेरा किलो, आणि त्याने जॅकेट बदलून दिलं. हे सांगायला संकोच करू नये. दोऱ्या पायांच्या मधून कुठून जातात, शिटी कुठे असते, सगळं मुलांच्या हाताने करवून घेतलं.

या ड्रिलमागे मोठा इतिहास आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडालं आणि १९१४ मध्ये समुद्रावरच्या जिवाच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्याला सोलास म्हणतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यापाशी ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला : १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी झालीच पाहिजे.

आईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वेगळं माहीत होतं.

संध्याकाळी ५.३०

जहाज धक्क्यापासून सुटलं. सगळे प्रवासी उजव्या कठड्याशी गेले, कारण मुंबई उजवीकडे होती : गेटवे, ताज, कुलाबा, पुढे प्राँग्सचं दीपगृह आणि मागे मावळतीचं आकाश. फोन उंचावले गेले. नवरा मोठीला उचलून घेऊन तिथे उभा राहिला.

आई डाव्या कठड्याशी गेल्या. तिथे कोणी नव्हतं. मी धाकट्याला घेऊन त्यांच्यामागे गेले. समोर कारंजा, रेवस, मांडव्याचा किनारा धुरकट होत चालला होता.

१७ जुलै १९४७. दिव्याची अवस होती आणि लोक सणाला घरी निघाले होते. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. पावसाळी वारा होता. तासाभरात काशाच्या खडकाजवळ ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. परळच्या गिरणीत काम करणारे आईंचे मोठे काका त्या बोटीवर होते. आईंचा जन्म त्यानंतर काही वर्षांनी झाला. काकांना त्यांनी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या माहेरी दिव्याच्या अवसेला एक दिवा जास्त लावायचे, आणि तो कोणासाठी हे लहान मुलांना दरवर्षी नव्याने सांगायचे.

“पोहता येत होतं त्यांना,” आई म्हणाल्या. “पण काय धरायचं, कुठे जमायचं, हे कोणी सांगितलेलंच नव्हतं कुणाला.”

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून फुलपुडी काढली. फुलबाजारातून सकाळीच आणली असणार, मला पत्ता नव्हता. जहाजावरून पाण्यात काही टाकायचं नसतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. पुडी उघडून झेंडूचं एक फूल हातात धरलं, किनारा दिसेनासा होईपर्यंत धरून ठेवलं आणि परत पिशवीत ठेवलं.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेही याच पाण्यात. म्हणून मी ‘रामदास’ला जुनी गोष्ट म्हणू शकत नाही.

रात्री ८.३०

जेवणघरात धाकटा एकदम गप्प झाला, तोंड पांढरं पडलं. जहाज खुल्या समुद्रात आलं होतं. मुलगा गप्प झाला की समजावं. मी त्याला उचलून डेकवर आणलं, पण उलटी व्हायची ती झालीच, माझ्या खांद्यावर. आईंनी पाण्याचा हात त्याच्या कपाळावरून फिरवला आणि लांब लुकलुकणाऱ्या एका दिव्याकडे बोट केलं. “तो खांदेरीचा दिवा. त्याच्याकडेच बघ. दुसरीकडे नाही.” खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. डोळे एका स्थिर जागेवर लागले की मळमळ उतरते, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. दहा मिनिटांत त्याने आलेपाक मागितला.

रात्री १०.००

बाथरूमच्या दिव्याच्या उजेडात दोन्ही मुलं दुलईखाली झोपली. पोहण्याचा तलाव, जादूचे प्रयोग, मुलांची खेळायची खोली, काहीच आज पाहून झालं नव्हतं. मी उलटीचा टॉप धुऊन आंघोळीच्या पडद्याच्या दांडीवर वाळत घातला. झोपण्यापूर्वी मोठीने मला विचारलं होतं, “सात छोटे, एक लांब. बरोबर ना?” तिला जमण्याची जागा, जिन्याची दिशा आणि जॅकेटची शिटी, सगळं आठवत होतं. तिच्या आजीचे काका ‘रामदास’ बोटीवर होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते आई सांगतील, येत्या दिव्याच्या अवसेला.

मुलांना घेऊन बोटीवर जाणार असाल तर एवढं ऐका. ड्रिलच्या वेळी मूल झोपलेलं असलं तरी उठवा आणि बरोबर न्या. भोंगे त्याला मोजायला लावा. त्याच्या वजनाचं जॅकेट मागून घ्या आणि एकदा त्याच्या अंगात घालून बघा.