तुळशीचा रंग आणि तुळशीचा गंध

भावमिश्रांनी श्वेत व कृष्ण अशा दोन्ही तुळशी गुणांनी समान मानल्या आहेत. तरीही पाला खरेदी करताना आपली पहिली पसंती जांभळ्या पानाला असते, आणि रोपवाटिका हे ओळखून असतात. रोडपाली-कळंबोलीच्या गॅलऱ्यांतून दिसणारी कुंडीतली तुळस पाहावी. गडद पान आणि दाट, आटोपशीर झाड या दोन गोष्टींवर तिची निवड झालेली असते. गंधाचा विचार क्वचितच होतो. १८७२ पासून औषधनिर्मितीची परंपरा असलेल्या पनवेलच्या परिसरात तरी याकडे लक्ष जावयास हवे.

पानाचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो, तर गंध पानावरील सूक्ष्म ग्रंथींत साठणाऱ्या बाष्पनशील तेलामुळे. रंगद्रव्य व युजेनॉल यांचा आरंभ वनस्पतीच्या शरीरात एकाच द्रव्यापासून होत असला, तरी पुढील वाटा निराळ्या आहेत व त्यांवर निरनिराळ्या जनुकांचे नियंत्रण असते. म्हणूनच रंगासाठी केलेली निवड गंधाची हमी देत नाही. एका तुळशीच्या तेलात लवंगेचा वास देणारे युजेनॉल प्रमुख असते, दुसरीत मिथिल युजेनॉल. आणि दोन्ही अस्सल तुळशीच. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ही भिन्नता हेरून ‘सीम-आयु’ हा युजेनॉलप्रधान आणि ‘सीम-कंचन’ हा मिथिल युजेनॉलप्रधान वाण विकसित केला. निवडीने नवा गुण जन्मास येत नाही. जो मूळ समूहात विखुरलेला असतो, तोच पिढ्यान्‌पिढ्या एकवटत जातो.

(चरकसंहितेतील बीज, बीजभाग व बीजभागावयव या संकल्पना येथे सहज आठवतात. तथापि त्यांत आजचे जनुक शोधण्याचा मोह टाळलेला बरा.)

तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या सतत फिरतात. त्यामुळे एकाच झाडाच्या बियांतून उगवलेली रोपेही एकसारखी निघतीलच असे नाही. प्रस्तुत लेखकाच्या गच्चीवर एका कृष्ण तुळशीखाली आपोआप रुजलेल्या रोपांपैकी काही पूर्ण हिरवी निघाली. याउलट अडुळसा आपण छाटाने लावतो आणि कोरफड पिलांनी. तेथे मातृवृक्षाचेच गुण पुढे जातात. तुळशीचा छाटही पावसाळ्यात सहज मुळे धरतो, परंतु सवयीने आपण बीच पेरतो.

दोन खेपांच्या पाल्यास निरनिराळा वास आला, तर पुरवठादारास दोष देण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. अर्थात सर्वच भेद बीजातले नसतात. सावलीत वाढविलेल्या कृष्ण तुळशीचा जांभळेपणा ओसरतो, आणि उन्हात ठेवल्यास तो परततो. म्हणून दोन झाडांची तुलना करावयाची तर दोहोंचे छाट एकाच मातीत, एकाच उन्हात वाढवावेत, मंजिरी येण्याच्या एकाच अवस्थेत पान चुरगाळून वास पाहावा, व शक्य झाल्यास तेलाची गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्यावी. तुळशीचे कार्य केवळ युजेनॉलवर अवलंबून नाही, हे मान्य. पण अर्क काढणाऱ्यास तेलाची उपेक्षा परवडणारी नाही.

मात्र सारी बाग एकाच मातृवृक्षाच्या छाटांनी भरू नये. सर्व रोपे जनुकदृष्ट्या एकच असल्याने एखादा रोग पडल्यास सर्वांवर सारखाच पडेल. निवडलेली चार-पाच मातृझाडे, चिठ्ठी लावून, वेगवेगळ्या वाफ्यांत ठेवावीत.